टोपड्यातली पानफुटी

वन्सं,

नमस्कार समजून घ्या. हे पत्र टपालात टाकायचं नाही, म्हणूनच खरं लिहिते.

दुसरंही पोटातच गेलं आणि मी दवाखान्यातून रिकामी घरी आले, तेव्हा तुम्ही पानफुटीची कुंडी घेऊन आलात. "हिचं काही करावं लागत नाही गं, पानापानाला पिल्लं धरतात," म्हणालात. मुद्दाम नव्हता बोललात, ठाऊक आहे मला. पण तुमच्या जिभेला हाड नाही.

तुमची पाठ वळताच मी रागाने एक जाडजूड पान ओरबाडलं. तेवढ्यात तुमचे भाऊ आत आले. पान दिसू नये म्हणून हाताशी होता त्या कपाटाच्या खणात कोंबलं. तो खण एरवी आम्ही दोघंही उघडत नाही. पहिल्या खेपेला तुम्ही विणलेलं पिवळं टोपडं त्यात आहे.

आज घर बदलायचं म्हणून तो उघडावाच लागला. ना माती, ना पाणी, ना उजेड, तरी पानाच्या कडेने पिल्लं फुटली होती. पान स्वतः चिपाडासारखं वाळलेलं. होतं नव्हतं ते त्यांना पाजून बसलं होतं. मुळं टोपड्याच्या टाक्यांत शिरलेली. ओढून पाहिलं, तर लोकरच सुटायला लागली.

हे म्हणाले, "दोन्ही टाकून दे." मी तोंडाला येईल ते बोलले त्यांना.

वन्सं, विणलंत तुम्ही. उसवायलाही तुम्हीच या. माझ्याच्याने होत नाही.

तुमच्यापुढे कधी तोंड वर करून न बोललेली,
भावजय