पित्तराचं ताट

दादा, परवा संध्याकाळी तुम्ही पुन्हा आला होतात. समोर गाड्या लावायचं मैदान आहे, त्याच्या कडेला काचेच्या बाटल्या टाकायच्या हिरव्या पेट्या आहेत, तिथं उभे होता. काठी बगलेत, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला, तोंड पलीकडं. समोर मेंढ्या चरून राहिल्यात असं समजून तुम्ही त्या गाड्यांकडं बघत होता. इथं वैशाखात जेवणवेळ टळली तरी उजेड असतो, म्हणून अंधारात भास झाला असंही मला म्हणता येत नाही. मी खिडकीत भांडं पुसत होते. हाक मारावी म्हटलं तर इथं खिडकीतून कोणी ओरडत नाही. तुम्हाला हा पत्ता कोणी दिला हे मला अजून कळलेलं नाही. मला बापाविना ठेवून तुम्ही वारलात तेव्हा मी भोकरदनच्या वसतिगृहात राहून शाळा शिकत होते. जर्मनी हा शब्द मी तुमच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. तुमचा परदेश म्हणजे घाटाखालचा खानदेश.

दिवाळी झाली की गावाहून, धावड्याहून, आपलं बिऱ्हाड निघायचं. घोड्यावर भांडी, कोंबड्या, दोन-चार कोकरं आणि कोकरांच्या मधे मी. आज ह्याच्या शेतात मेंढ्या बसवायच्या, उद्या त्याच्या. त्याच्या जमिनीला खत, आपल्याला ज्वारी. शाळेत घालेपर्यंत माझा जन्म परक्याच्या रानातच गेला म्हणा ना. आणि परक्याच्या रानात राहायचं कसं, हे तुम्ही मला बोलून कमी आणि डोळे वटारून जास्त शिकवलंत. विहीर समोर दिसली तरी विचारल्याबिगर पाणी घ्यायचं नाही. आधी कुत्रं बांधायचं, मग मालकाला राम राम घालायचा. आवतण असल्याशिवाय कोणाचा उंबरा ओलांडायचा नाही. निघताना चुलीची राखसुद्धा पसरून टाकायची. एकदा एका मालकीणबाईची अहिराणी बोली ऐकून मी आणि चुलतबहीण फिदीफिदी हसलो. तिच्यासमोर तुम्ही काही बोलला नाहीत. मेंढ्यांच्या वाड्यावर, मुक्कामी आल्यावर माझा कान धरलात. "काय हसू येऊन राह्यलं व्हतं गं? तिच्या रानात बसून तिलाच हसती? तुही बोली ऐकून ती हसली का? आता उद्या जाय तिच्याकडं, ताक माग. एकटी जाय." मी रडत गेले. मला तिचं कळेना, तिला माझं. तिनं लोटाभर ताक दिलं, वर गूळ दिला, आणि माझे डोळे आपल्या पदरानं पुसले. गुळाचं मी तुम्हाला सांगितलं नाही, वाटेतच खाऊन टाकला.

इथं आले तेव्हा पहिलं वर्षभर मी तुमच्याच नियमांवर जगले, दादा. एका वृद्धाश्रमात नर्स आहे मी. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं. मालक म्हणेल त्याला हो म्हणायचं, मान खाली ठेवायची, हा तुमचा कायदा. मी मान खाली घातली तर ह्या लोकांना वाटलं ही काहीतरी लपवतेय. हो हो म्हणत गेले तर सगळ्या सणासुदीच्या पाळ्या माझ्याच गळ्यात. शेवटी केरळची एक मैत्रीण चिडून म्हणाली, अगं, तोंड आहे का नाही तुला? मग मी एक दिवस पाळ्या लावणाऱ्या आमच्या मोठ्या बाईंच्या डोळ्यात डोळे घालून सांगितलं, हा रविवार माझ्याच्यानं जमणार नाही. त्या म्हणाल्या, बरं. एवढंच! बरं! त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. घरी येताना ट्रॅममध्ये मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडले, की तुम्ही आम्हाला इतकं वाकायला का शिकवलं, एखाद्या मालकाला एकदा तरी नाही म्हणून बघायचं होतं. आणि त्याच संध्याकाळी तुम्ही पहिल्यांदा त्या पेट्यांपाशी दिसलात. मी घाबरून पडदा ओढला. तुम्ही रागावून आलात असंच वाटलं मला.

पण तुमचं सगळंच काही फुकट गेलं नाही. माझ्या खालच्या मजल्यावर एक म्हातारेबाबा राहतात, छापखान्यातून निवृत्त झालेले, एकटेच. एका रविवारी दुपारी मी खलबत्त्यात ठेचा कुटत बसले होते. दारात बाबा उभे. म्हणाले, "आज रविवार आहे." मी म्हटलं, "हो, आहे." ते म्हणाले, "आवाज." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की इथं रविवारी खिळासुद्धा ठोकत नाहीत. मेंढ्या कोणाच्या हरभऱ्यात शिरल्या तर मालक यायच्या आधी तुम्ही स्वतः सकाळी त्याच्या दारात जायचात, ते आठवलं. सोमवारी मी वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन खाली गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी परत आणून दिली, घासून पुसून लखलखीत, आणि रिकामी. मला इतकं लागलं! रिकामी वाटी परत करतं का कोणी? चिमूटभर साखर तरी घालावी माणसानं. मैत्रिणीला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणे, अगं वेडे, त्यांनी मान म्हणून घासून दिली. पुढं बाबांना माझ्या चटणीची सवय लागली, आणि मला रिकाम्या वाटीची.

तुम्ही मात्र येतच राहिलात. पहिल्यांदा मी कोणाला सांगितलं नाही. मग गेल्या हिवाळ्यात आईलाच बोलून बसले. मला वाटलं ती म्हणेल, कामानं डोकं फिरलंय तुझं. ती म्हणाली, "तरीच म्हणलं." गावात अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, तुमच्या नावानं दरवर्षी तुमचे तेच दोस्त पित्तर म्हणून जेवायला बसतात ना, ज्यांच्यासंगं तुम्ही मेंढ्या राखायचात, ते काका. माझा भाऊ आधी निखाऱ्यावर तुपासंगट घास टाकतो, त्या आगारीचा धूर निघाला की तुम्ही त्या ताटावर येऊन बसता, आणि मग पित्तर जेवतो ते तुमचं जेवण. असंच मानतो आपण. तर आईनं सांगितलं, काही वर्षांपासून ते काका हात धुऊन उठतात आणि म्हणतात, "वैनी, तुमचा माणूस न्हाई आला बरं. मी आपला मीच जेवलो." आईनं हे मला कधी कळू दिलं नव्हतं. "तिकडं गेल्ते ते, तुह्याकडं," ती म्हणाली. "परक्याच्या रानात जीव गेला त्यांचा, तिथंच जाळलं, आपल्या मातीत आलेच न्हाई. आता पोरगी परक्या रानात, मंग ते तिथंच जातील न्हाई तर काय? उपाशी हायेत बाई ते. आवतण न्हाई तर उंबऱ्याच्या आत यायचे न्हाई. यंदाच्या आखाजीला तू घाल जेवू, न वाटं लाव त्यांना. मोकळं कर."

तुमचा जीव गेला ते शेत मी पाहिलेलं नाही. मला वसतिगृहातून नेलं तोवर सगळं उरकलं होतं. लाकडं त्या मालकानंच दिली, खांदाही त्याच्याच घरच्या माणसांनी दिला, एवढं माहीत आहे. त्यांना आपण कोण होतो? इथं परक्या म्हाताऱ्यांचं करताना, त्यांच्या मिटल्या डोळ्यांवरून हात फिरवताना, मला दरवेळी त्या न पाहिलेल्या माणसांची आठवण होते. कोणीतरी माझ्या बापाचं असंच केलं असेल. हे काम मी का धरून ठेवलंय असं लोक विचारतात, त्याला माझ्यापाशी दुसरं उत्तर नाही.

मग आखाजी आली. मुलीनं पित्तर बसवायचा का, असं मी आईला विचारलंच नाही, तीही बोलली नाही. आदल्या दिवशी खाली जाऊन बाबांना आवतण दिलं. म्हटलं, उद्या माझ्याकडं जेवायला या. कशाबद्दल, ते सांगितलं नाही. आता बघा, दुसऱ्याला न सांगता त्याच्या अंगावर आपला मेलेला बाप बसवायला निघाले होते मी! असं धाडस आपल्याच लोकांना सुचावं. डब्यातल्या आंब्याचा रस केला, पुरण घातलं, कुरडया तळल्या. तुम्हाला गोडाची आवड नाही म्हणून दूध, भाकर आणि लसणाची चटणी वेगळी ठेवली. शेणाची गोवरी इथं कुठली, मांस भाजायचे कोळसे मिळतात ते आणून बाल्कनीत जुन्या तव्यावर फुलवले. घरात पेटवायची सोय नाही, छताला लावलेलं यंत्र धूर लागताच शिट्टी फुंकून अख्खी इमारत गोळा करतं. बाबा सांगितलेल्या वेळेला, मिनिटाचाही फरक नाही, इस्त्रीचा शर्ट घालून, फुलं घेऊन आले. मी त्यांना पाटावर बसवणार होते, पण त्यांचे गुडघे बघून खुर्ची दिली. कपाळाला गंध लावलं. त्यांनी नुसता चष्मा नीट केला.

तूप आणि घास घेऊन मी बाल्कनीत गेले आणि खाली पाहिलं. तुम्ही होता. आणि दादा, त्या दिवशी तुम्ही दोन्ही पायांवर उभे होता. काठी हातात होती. हाक आली की निघायचं, असं माणूस उभं राहतं ना, तसे. तोंड तरीही पलीकडंच. माझा हात तव्यावर गेला आणि तिथंच थांबला. तूप बोटांवरून ओघळायला लागलं. आईचं बोलणं कानात घुमत होतं, वाटं लाव, मोकळं कर. मी रडायला लागले, अगदी भोकाड पसरून. बाबा धडपडत उठून आले. त्यांना वाटलं भाजलं मला. मग मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी सगळं सांगून टाकलं. हे जेवण तुमचं नाही, माझ्या वडलांचं आहे, घास ह्या निखाऱ्यावर पडला की ते येतील, तुमच्या तोंडानं जेवतील आणि जातील. कायमचे जातील.

मला वाटलं ते उठून घरी जातील. त्यांनी खाली मैदानाकडं एकदा पाहिलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे, मी विचारलं नाही. मग परत जाऊन खुर्चीवर बसले, चमचा उचलला आणि तसाच हातात धरून म्हणाले, "मग मी खाऊ का नको, ते सांगा. गार होतंय." दादा, मला हसूच आलं. रडता रडता हसू. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि निखाऱ्यांवर ओतला. चर्र झालं, राखेचा भपकारा उठला, आणि मी आत येऊन बाबांना म्हटलं, "खा. तुम्ही आपले तुमचे खा." ते पोटभर जेवले. भाकर-दुधाकडं बघून म्हणाले, हे माझं नाही वाटतं. मी ती वाटी उचलून ओट्यावर ठेवली. त्यांना दारापर्यंत पोचवून बाल्कनीत आले तोवर तुम्ही पुन्हा एक पाय गुडघ्याला टेकवला होता.

आईचा फोन आला. "जेवले का गं?" मी म्हटलं, "जेवले." "पोटभर?" "पोटभर जेवले, आई." ती इतक्या वर्षांनी हसली हो. म्हणाली, आता घोर गेला माह्या जिवाचा, आता तुहा भाऊ इथं कोणाला बसवायचा न्हाई, ते जेवून गेले मंग कशाला? म्हणजे गावातलं ताटही बंद झालं तुमचं. जेवले ते बाबा, तुम्ही नाही, हे मी तिला कधी सांगणार नाही. आणि हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुम्ही तर समोरच उभे आहात, आणि तुम्हाला वाचता येत नाही.

पण खरं ते सांगते. इथं मला नावानं हाक मारणारी माणसं आहेत, कामावर मान आहे, नाही म्हणायला शिकले, रिकामी वाटी घ्यायला शिकले. कोकरांच्या मधे बसलेली मी कोणाला माहीत आहे पण? तुम्ही जेवलात की जाणार. मग त्या मैदानात नुसत्या गाड्या राहतील. माझ्याच्यानं नाही होत, दादा. भूक लागली असेल तुम्हाला, कळतं मला. अजून थोडी कळ काढा.