दुन्याच्या खोलीतला धूर

६ नोव्हेंबर

परवा स्लावा. आमच्या घराच्या संताचा दिवस. बायकोने, नेवेन्काने, कालपासून कोबीची पानं उकळायला घेतलीत, घरभर वाफ. दुन्या दार लावून बसलीय — वासाने डोकं धरलं म्हणे. कोबीच्यासुद्धा! एकोणतीस वर्षांची मुलगी, आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल.

जेवताना म्हणाली, "बाबा, या वेळी तरी सांग ना सगळ्यांना. ओढायची तर गॅलरीत जाऊन ओढा म्हणावं."

"संताच्या दिवशी पाहुण्यांना थंडीत उभं करू? आणि कूम रादोयेला काय सांगू?"

"मला दरवर्षी सांगतोस तेच. थोडा वेळ सोस म्हणावं."

नेवेन्का हसली. मी नाही हसलो. सांगतो म्हटलं.

८ नोव्हेंबर

दुन्या दवाखान्यात. आज लिहवत नाही.

९ नोव्हेंबर

नाकाला नळी आहे. डोळे उघडते, मिटते. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलीत.

काल तीसेक माणसं होती. मी कोणाला काही सांगितलं नाही. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा पाहुण्यांच्या पेल्यात राकियाच ओतली. रादोयेने बसल्याबसल्या पेटवली, मग सगळ्यांनीच. माझ्या लग्नात माझ्या शेजारी उभा राहिलेला माणूस, दुन्याला बाप्तिस्म्याला ज्याने हातात धरलं, तो आमच्यात कूम — सख्खा भाऊ परवडला, पण कुमाला "ऊठ, बाहेर जा" कसं म्हणायचं?

दुन्या तोंडाला मास्क लावून ताटं नेत-आणत होती. मिलेवा मामी म्हणाली, "अगं, आम्हाला काय महारोग झालाय?" सगळे हसले. मीही.

चारच्या सुमाराला ती खोलीत गेली, दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी नेवेन्का पाणी घेऊन गेली तर ही जमिनीवर. ओठ निळे. दम्याचा पंप हातात, पण ओढायला श्वासच नाही. आणि खोलीत सिगरेटचा ताजा वास! पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग, सगळ्यात वर रादोयेचा. खिशातून पाकीट डोकावत होतं.

"कुमा, तू? हिच्या खोलीत?" नेवेन्का किंचाळली.

"मी?" रादोये दारातच थबकला. माझ्याकडे बघितलं. पुढे काही बोलला नाही.

लिफ्ट बंद. मी तिला उचलून चार मजले उतरलो. लहानपणी उचलायचो तेवढीच हलकी लागली.

१३ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी मला आणि नेवेन्काला समोर बसवलं. "धूर दिसेनासा झाला म्हणजे गेला असं नसतं. पडद्यात राहतो, गादीत राहतो, तुमच्या केसांत राहतो. हिच्या छातीला तेवढा पुरतो. डोक्याचं दुखणंही त्यानेच पेटतं. तुम्ही त्याला नाटक म्हणता ना?"

बाईंना कोणी सांगितलं? म्हणतो मी. म्हणत आलो.

दुन्या आठवीत असताना खाणावळीत स्वेटरच्या गळ्यात नाक खुपसून बसायची. "नीट बस, लोक बघतायत" — आणि मी तिचा हात धरून स्वेटर खाली ओढायचो. दरवेळी.

२० नोव्हेंबर

ती घरी आलीच नाही. दवाखान्यातून परस्पर झ्लातिबोरला, स्तामेन्का मावशीकडे. डोंगरातली हवा. "काही दिवस," म्हणाली. दोन मोठ्या बॅगा नेल्या. काही दिवसांना दोन बॅगा लागतात?

३ डिसेंबर

रादोयेचा फोन आला. नेवेन्काने घेतला. "आमच्या दारात यायचं नाही" — एवढंच बोलून ठेवला.

मी शेजारीच बसलो होतो.

१४ फेब्रुवारी

झ्लातिबोरला गेलो, सहा तास बसने. मावशीच्या ओसरीवरच दुन्याने कोट काढायला लावला, टोपीसुद्धा, आणि मावशीच्या नवऱ्याचा स्वेटर दिला. रागाने नाही. नर्स देते तसा. "बसमध्ये कोणातरी ओढणाऱ्याशेजारी बसला होतास."

तिच्या गालांना रंग आलाय. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम इथूनच करते. म्हणाली, "बाबा, सकाळी उठल्यावर मला डोकं आहे हेच आठवत नाही. असं कधी झालं नव्हतं."

म्हणजे आमच्या घरात रोज सकाळी आठवत होतं! एकोणतीस वर्षं. आणि मी दारावर थाप मारायचो — "अजून लोळतेयस?"

परत निघताना विचारलं, घरी कधी येणार. बर्फाकडे बघत राहिली.

१९ एप्रिल

बाजारात रादोये भेटला. थकलाय. आधी मीच नजर चुकवली, तर तोच जवळ आला. "झिका, पोर कशी आहे?"

"बरी आहे."

"माझे आशीर्वाद सांग तिला."

सांगतो म्हटलं. सांगितले नाहीत.

८ नोव्हेंबर

पुन्हा स्लावा. स्लावाला आमच्यात कोणाला बोलावत नाहीत, येणारा आपणहून येतो. म्हणून न येणारा जास्त दिसतो. रादोयेची खुर्ची कोणी हलवली नाही, तिच्यावर कोणी बसलंही नाही.

दारातच सांगितलं सगळ्यांना — घरात नाही, गॅलरीत. जीभ जड झाली होती. मिलेवा मामी म्हणाली, "बरं बाई!" आणि शाल घेऊन बाहेर गेली. पाच मिनिटांनी आत आली, सूप मागितलं. झालं! एवढंच होतं. कोणी रुसलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही.

एवढ्यासाठी मी मुलगी घालवली.

दुन्याने उकडलेल्या गव्हाचा प्रसाद मावशीकडेच केला. फोनवर म्हणाली, मेणबत्ती लावली तुमच्या नावाने.

९ नोव्हेंबर

गेल्या वर्षीची ९ तारीख उघडून वाचली. त्यात एक गोष्ट नाही. या वहीतसुद्धा मी ती लिहिली नाही. वाचणार कोण होतं? मीच. तरी नाही लिहिली.

त्या वर्षी मे महिन्यात मी सिगरेट सोडली होती. देवासमोर, नेवेन्का आणि दुन्या दोघींच्या देखत. सोडली नव्हती. तळघरात ओढायचो, गाडीत ओढायचो. स्लावाला सगळे माझ्यासमोर ओढत होते आणि मला एकट्यालाच चोरी. दुन्या स्वयंपाकघरात होती. मी तिच्या खोलीत गेलो, कोटांवर बसून दोन ओढल्या, खिडकी उघडली, परत लावली. पाकीट रादोयेचंच, त्याच्या खिशातून घेतलेलं, परत ठेवलेलं.

अख्ख्या घरात तिला श्वास घ्यायला एक खोली होती. धुरातून सुटून ती तिथे आली आणि दार लावून घेतलं.

नेवेन्काने "कुमा, तू?" विचारलं तेव्हा रादोयेने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. वर्ष झालं, अजून खालीच बघतोय. त्या दिवसापासून ओढलेली नाही, पण त्याला काय अर्थ आहे.

आज नेवेन्काला सांगितलं. ती ताट तसंच ठेवून उठली. उद्या दुन्याला.

१० नोव्हेंबर

फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे, बाबा. तू मला उचललंस तेव्हाच कळलं. तुझ्या श्वासाला सिगरेटचा वास होता."

"आणि रादोये? एक वर्ष तो उगाच..."

"कुमाला मी दवाखान्यातूनच फोन केला होता. तोच म्हणाला, झिकाला काही विचारू नकोस, त्याचा तो सांगेल."