शेवंड कोणी धरली

वॉटल कोव्ह, तस्मानिया
९ डिसेंबर

तीर्थरूप कॉलविनदादास, धाकट्या व्हर्नाचा नमस्कार.

तुझी छाती कशी आहे? ग्लेनिसवहिनी फोनवर म्हणाली की आता जिना चढताना तू दोनदाच थांबतोस. चांगलं आहे. बॅलरॅटची हवा कोरडी आहे आणि तिथून समुद्र दिसत नाही. डॉक्टरांना तुझ्यासाठी दोन्ही गोष्टी हव्या होत्या. इकडे आई ठीक आहे. नव्वद पूर्ण झाली. डावा कान गेला, पण तो ती सोयीप्रमाणे वापरते. कोंबड्या अंडी देतात, बटाटे चांगले आलेत. आता खुर्चीत बसून वाच. मी पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी जायला शिकले आहे. वय एकोणसाठ. हसून झालं की पुढे वाच.

कारण सांगते. आपल्या घरची रीत तुला ठाऊकच आहे. नाताळच्या जेवणाला शेवंड मधोमध आली की आई सुरी हातात घेऊन विचारते, 'कोणी धरली?' ज्याने धरली तो उठतो आणि कशी धरली ते सांगतो. मगच पहिला पाय मोडायचा. आधी बाबांनी सांगितलं, पुढे एकतीस वर्षं तू सांगितलंस. गेल्या नाताळला तू नव्हतास, म्हणून मी धक्क्यावरून विकत आणली. चांगली मोठी होती. आईने विचारलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, विकत आणली. आईने सुरी खाली ठेवली आणि बटाटे वाढून घेतले. मग सगळ्यांनीच बटाटे घेतले. शेवंड ताटात पडून होती, डोळे उघडे (शेवंडीला पापण्या नसतात हे मला कळतं, पण त्या दिवशी तिची नजर माझ्यावरच होती). दुसऱ्या दिवशी ती मी ओट्याशी उभ्याने, एकटीने खाल्ली. आईला अजून किती नाताळ आहेत, कोण सांगणार. या नाताळला ती विचारेल तेव्हा मला 'मी' म्हणायचं आहे. बाकी काही नाही.

शिकवायला ट्रूडी होती. ती पूर्वी पाण्यात उतरून शिंपले काढायची, आता माणसं उतरवते. पहिले धडे शाळेच्या पोहण्याच्या तलावात झाले. तलावात शेवंड नसते, पण माझ्यासारखं कोणी असतं, आणि ट्रूडीच्या मते धोका त्याचाच जास्त. रबरी पोशाख चढवायला मला चाळीस मिनिटं लागली. साबणाचं पाणी, दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि ट्रूडीचा गुडघा, एवढं वापरावं लागलं. शेवटी आत गेल्यावर कळलं की चेन पुढे आली आहे, म्हणजे मी तो उलटा घातला आहे. ट्रूडी म्हणाली, 'काकू, आज असंच राहू द्या. मासे काही बोलणार नाहीत.' मग कमरेला शिशाचा पट्टा. तो मी ढिला बांधला. मी पाण्यात उभी राहिले आणि पट्टा घोट्यांपाशी गेला. पट्टा तळाशी, पाय पट्ट्यात, बाकीची मी वर जाण्याच्या प्रयत्नात. ट्रूडीने खाली येऊन माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नंतर म्हणाली की ती मदतच करायला आली होती, पण असं दृश्य पुन्हा दिसेल की नाही सांगता येत नाही.

पाण्यात एकटं जायचं नसतं. मला जोडीदार मिळाला नॉरिस. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गाणारा. (तू त्याला ओळखतोस. एकदा तुझ्या बोटीला त्याने त्याच्या बोटीची गाठ मारली होती आणि दोघं निघालात.) सभ्य माणूस आहे. खोट एवढीच की पाण्याखाली गेलं की तो गुणगुणतो. टाकीतली हवा संपते ती त्यात. मी अजून अर्ध्यावर असते आणि त्याचा काटा तांबड्यात गेलेला असतो. आमची बुडी मिनिटांत मोजत नाहीत. ती चार स्तोत्रांची असते, समुद्र शांत असला तर पाच.

आता शेवंडीकडे येते. आपल्याकडे पाणबुड्याने शेवंड फक्त हातमोजा घातलेल्या हाताने धरायची, हे मी लहानपणापासून ऐकत आले. ऐकणं सोपं होतं. पहिली दिसली ती कपारीतून मिशा हलवत होती, जणू आत या म्हणत होती. मी मिशा धरल्या. शेवंड गेली, मिशा राहिल्या. दुसरीच्याही राहिल्या. नोव्हेंबर संपेपर्यंत माझ्याकडे पाच मिशा झाल्या (एक शेवंड एका मिशीवर सुटली). त्या मी खिडकीत बरणीत ठेवल्या आहेत. आई त्यांना माझी फुलं म्हणते. ट्रूडीने सांगितलं, 'काकू, मिशी म्हणजे तिचा रुमाल. तो ती तुम्हाला देऊन टाकते. शिंगांच्या मुळाशी धरा आणि धरताना विचार करू नका.' चौथीला मी विचार न करता धरलं. ती नॉरिसची करंगळी होती. त्या दिवशी बुडी एका स्तोत्रात संपली.

पाचवी मी खरोखर धरली. वर आणली, पोट उलटून पाहिलं तर अंड्यांनी भरलेलं. सोडून दिली. सहावीला मापपट्टी लावली, तर ती काडेपेटीच्या काडीएवढी कमी पडली. मी पुन्हा लावली. पुन्हा कमी. मी तिसऱ्यांदा लावत होते तेव्हा नॉरिस म्हणाला, 'व्हर्नाबाई, ती तुमच्या हातात वाढणार नाही.' तीही सोडली. ट्रूडी म्हणाली, पुष्कळ लोक पहिल्या वर्षी एकही धरत नाहीत. मी म्हटलं, पुष्कळ लोकांच्या घरी माझी आई नसते.

गेल्या रविवारी धरली. नर, मापात, दोन्ही मिशा शाबूत. दहा मीटर खोल, आडव्या खडकाखाली, माझा हात खांद्यापर्यंत आत. तिने कपारीत पाय रोवले, मी बाहेर रोवले. कोण दमेल एवढाच प्रश्न होता. माझी हवा संपत आली होती, नॉरिस माझ्या पायातला रबरी पंख ओढत होता आणि गायचं विसरला होता. मी सोडली नाही. दादा, ती आधी दमली.

किनाऱ्यावर आलो. पाच मिनिटांच्या आत शेपटीचा पंखा कातरायचा, म्हणजे हौसेने धरलेली शेवंड बाजारात जात नाही, हा नियम. शेवंड टोपलीत होती. कातरी माझ्या हातात होती. पण मी बुडीभर जे तोंडात धरून ठेवलं होतं ते बाहेर येऊ लागलं. मी नॉरिसला नाताळची गोष्ट म्हणून दाखवायला सुरुवात केली. आई विचारेल, मी उठेन, मग असं सांगेन. खडक किती मोठा ते कातरीने दाखवलं. हात कसा आत गेला तेही कातरीने. एक बाई येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, ऐकायला आणखी एक माणूस आलं, म्हणून मी खडकापासून पुन्हा सुरू केलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मत्स्यखात्याचं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, 'गोष्ट छान आहे. किती वेळ चालली?' नॉरिस जन्मात खोटं बोललेला नाही. त्याने पाणबुड्याच्या घड्याळात पाहून सांगितलं, 'अकरा मिनिटं. पहिल्यांदा सहा, दुसऱ्यांदा पाच.'

त्यांनी मला लेखी ताकीद दिली आणि शेवंड पाण्यात सोडली. शेवंड उलटी पोहते, म्हणून ती दिसेनाशी होईपर्यंत माझ्याकडे बघत गेली. बाई जाताना म्हणाल्या की दुसऱ्यांदा सांगताना खडक मोठा झाला होता. त्यांची चूक नाही. झाला होता.

नाताळपूर्वी दोन रविवार उरले आहेत. दोन्ही रविवारी मी उतरणार आहे. वहिनीला नमस्कार, मुलीला आशीर्वाद. थंड पाणी पिऊ नकोस.

तुझी बहीण,
व्हर्ना

ता.क. बाबांची शेवंडीची कपार कुठे आहे? आपल्याकडे माणूस कपार बायकोला सांगत नाही, पाद्र्याला सांगत नाही, हे मला ठाऊक आहे. बाबांनी ती तुला सांगितली, मला नाही, कारण मी पाण्यात उतरेन असं त्यांना वाटलं नाही. आता उतरले आहे. कागदावर लिही. वाचून झाल्यावर मी तो चुलीत घालेन.

ता.क. २. पाकीट आणायला आत गेले होते. परत आले तर आई भिंग लावून हे पत्र वाचत होती. अकरा मिनिटांपाशी ती इतकी हसली की कवळी काढून ठेवावी लागली. मग म्हणाली, 'हिला एका रविवारात पकडलं. कॉलविनला नऊ वर्षं कोणी पकडलं नाही.' मी विचारलं, काय पकडायचं? ती म्हणाली, पाणबुड्याच्या शेवंडीची शेपटी कातरलेली असते, धक्क्यावर विकतात तिची अखंड. तुझ्या शेवटच्या नऊ नाताळांच्या शेपट्या अखंड होत्या. मी म्हटलं, मग दादाची कशी खाल्लीस, आणि माझी का नाही? आई म्हणाली, 'तो बिचारा दम लागेपर्यंत खोटं बोलायचा. तू उभी राहून पावती वाचलीस.'

दादा, मी रागावलेले नाही. छाती तेव्हापासूनच दुखत होती हे तू सांगायला हवं होतंस, पण ते समोर बसून बोलू. वहिनीला मी काही सांगणार नाही, आई तर नऊ वर्षं गप्पच आहे. मात्र हिशेब असा की त्या कपारीत निदान नऊ वर्षं कोणाचा हात गेलेला नाही. आत आता शेवंडींना उभं राहायला जागा नसेल. उलट टपाली नकाशा काढून पाठव. खोली किती, तोंड कोणत्या दिशेला, आणि हात उजवा घालायचा की डावा, तेही लिही.