सुलट म्हणजे कुठून पाहिल्यावर?

मंगळवार, ११ मार्च. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे.

चि. खटपट्यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझे गुडघे ठीक असतील, तुझ्या बायकोचा खोकला गेला असेल, असं धरून चालते. वर लिहिलेली वेळ पत्राची नाही, गुन्ह्याची आहे. पत्र मी बुधवारी लिहिते आहे. काल इतकी संतापले होते की अक्षर बिघडलं असतं, आणि गिचमिड अक्षरात कुणाला खडसावू नये अशी आमच्या शाळेतल्या सिस्टरांची शिकवण होती. (तुला शिकवण देणारं कुणी भेटलंच नाही. सातव्या वर्षी तू बाबांचं घड्याळ मागून उघडलंस, आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूकडे तू मागूनच पाहत आला आहेस. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.)

तर काल त्या वेळी तुझ्या भावोजींनी तुझं ते चार पंख्यांचं उडतं यंत्र अकराव्यांदा परसात मांडलं. ('क्वाडकॉप्टर' म्हणताना यांची कवळी सुटते, म्हणून घरात त्याला नुसतं 'यंत्र' म्हणतात.) बटण दाबलं. यंत्र असं गरजलं की शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर चहाचा कप घेऊन कुंपणाशी आले. पंखे दिसेनासे झाले, आवाज वाढला, आणि यंत्र जमिनीत आणखी घट्ट बसलं. उडायचं राहिलं दूर, रुसलेल्या पोरासारखं त्यानं बूडच टेकलं. पोस्टमास्तरांनी शांतपणे चहाचा घोट घेतला आणि निदान सांगितलं, "पार्सल जड झालंय." झालं! यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा उचलून नेला. (मी पीठ मोजत होते. पीठ ओट्यावर ओतलं गेलं.) दुपारपर्यंत यंत्राचे दोन स्क्रू कमी झाले, एक पाय कापला गेला, आणि वर लावलेलं नावाचं लेबलही खरवडून काढलं, जसं काही त्या कागदाच्या चिटोऱ्यामुळेच ते अडलं होतं. बॅटरी तीनदा बदलली. मग हवा दमट ठरली. मग जमीन तिरपी ठरली. शेवटी दोरीवरच्या माझ्या टॉवेलांवर ठपका आला, की ते वारा अडवतात.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण संध्याकाळी हे म्हणाले, "शनिवारपर्यंत नाही उडालं तर मी सरळ शिडी लावतो." आता मला सांग, या घरात हे यंत्र आलं कशासाठी? पलंगाच्या वरचं छप्पर गळतं म्हणून. दोन वर्षांपूर्वी ते पाहायला हे शिडीवर चढले आणि माझ्या सर्वांत मोठ्या कुंडीत बसते झाले. सहा आठवडे प्लास्टर, आणि सहा आठवडे मला त्या पडण्याचं वर्णन, दर वेळी शिडी एक पायरी उंच होत जाणारं. तेव्हा तूच माझ्या बैठकीत बसून छातीठोकपणे म्हणालास, "ताई, आता भावोजींना शिडीला हातच लावायला नको. कॅमेरा वर जाईल, आपण खाली बसून बघायचं." कॅमेरा वर गेला नाही. भावोजी जायला निघालेत. वय एकाहत्तर.

म्हणून मी रात्रीच्या जेवणाआधी सुट्या भागांबरोबर तू पाठवलेला तो सूचनांचा कागद हातात घेतला. तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत मी. चार पानांत एकतीस चुका निघाल्या, त्यांतल्या नऊ 'जोडणी' या एकाच शब्दात. ('जोडनी' कोण लिहितं रे? बाबा असते तर छडी निघाली असती.) पण बत्तिसावी चूक शुद्धलेखनाची नाही. तू लिहिलं आहेस: 'पंखे एकाआड एक सुलट व उलट फिरले पाहिजेत. सुलट म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे.' बरं. पण कुठून पाहिल्यावर? वरून की खालून? विणकामाच्या सिस्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की समोरून जो टाका सुलट, तो मागून उलट दिसतो, म्हणून कुठली बाजू समोर आहे हे आधी लिहा. आठ वर्षांच्या मुलींना हे कळत होतं. तू साठी ओलांडलीस. यांनी बिचाऱ्यांनी यंत्र जेवणाच्या टेबलावर पाठीवर झोपवलं, कारण तारा पोटाशी आहेत, आणि खालून बघत चारही मोटरी तुझ्या कागदाप्रमाणे सुलट-उलट लावल्या. यंत्र सरळ केल्यावर सुलटाचं उलट झालं, उलटाचं सुलट. चारही पंखे वारा वर फेकत होते आणि यंत्राला खाली दाबत होते. म्हणूनच खालचं गवत ढिम्म होतं आणि दोरीवरचे माझे टॉवेल फडफडत होते. टॉवेल निर्दोष होते.

हे मी यांना सांगितलं. म्हणाले, "तू स्वेटरचं बघ."

तेव्हा तू एक करायचं. भावोजींच्या नावे एक पत्र लिही. त्यात चूक तुझी आहे हे कबूल कर. प्रत्येक मोटरच्या तीन तारांपैकी दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते, ही एकमेव उपयोगी गोष्ट तू चौथ्या पानाच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लपवली आहेस, ती मोठ्या अक्षरात लिही. माझा उल्लेख नको. 'जोडणी' नीट लिही.

तुझी,
ताई

ता. क. पत्र घेऊन स्वतःच ये, आणि येताना तुझी शिडी आण. आमची मी कुलूप लावून ठेवली आहे.

ता. क. २. तारा मी आज सकाळी बदलून पाहिल्या. हे आंघोळीला गेले होते. यंत्र उडालं, आणि काय सुरेख उडालं रे, मी पाचवीत बक्षीस घ्यायला मंचावर गेले होते तशी छाती धडधडली. गळतीची जागाही पडद्यावर स्पष्ट दिसली. मग ते छपरावर उतरलं आणि तिथेच बसलं. तीन महिने खपून यांनी ते जोडलं आहे, पहिलं उड्डाण यांचंच व्हायला हवं. यांना वाटतं आहे की यंत्र मी कपाटात बंद केलं. शुक्रवारी चार ते पाच हे पोस्टमास्तरांबरोबर फिरायला जातात. तेवढ्यात ते खाली काढ आणि तारा पुन्हा होत्या तशा चुकीच्या लाव, नाहीतर तुझं पत्र वाचून दुरुस्त झालेलं यंत्र हे पुन्हा बिघडवतील.

ता. क. ३. येतोस की नाही ते गुरुवारी दुपारी बाराच्या आत लेखी कळव, हे पत्र आणणाऱ्या पोस्टमास्तरांच्याच हाती. फोन करू नकोस, फोन हे उचलतात. आणि येताना दोन कौलं आण. यंत्र उतरण्याआधी एकच फुटलेलं होतं.