एका घावाला एक तुकडा

प्रिय शिवकन्या,

तुझ्या आजीचा आशीर्वाद. अक्षर गिचमिड आहे. तिसरीत शाळा सुटली, याहून बरं कुठून आणू?

गुरुवारी तुझी तोंडी परीक्षा, आणि इथं मला घास गोड लागंना. मागच्या खेपेला तू बाहेरून आलेल्या सरांपुढं एकाच अक्षरावर अडकलीस आणि रडत बाहेर आलीस. तोतरी म्हणून जे हसले त्यांची जीभ झडो.

मंग सुट्टीत तू आलीस. मी मिरच्या कुटून राह्यले होते, तू शेजारी बसून काकडीच्या कुळाचं नाव घोकत होतीस. सारखी अडखळू लागलीस तेव्हा मी म्हणलं, पोरी, अख्खं गिळू नको, मुसळ पडलं की एक तुकडा टाक. कु. कर. बि. टे. सी. सुटली की गाडी! मंग माल-व्हे-सी. भेंडी, अंबाडी आणि आपला कापूस एका भावकीतले हे मला तेव्हाच कळलं. भावकी असून बांधावरून भांडत न्हाईत, नवलच. परीक्षेत मुसळ न्हाई, तर टाचेनं हळूच ठोका दे. सर घड्याळ बघतील. बघू दे. तू घाई करू नको.

इकडं गाईला कालवड झाली. तुझा बाप माझ्याशी बोलंना. तोतऱ्या पोरीला शिकवून काय फायदा, म्हणतो. मी म्हणलं, बद्रीनाथ, तू सरळ बोलतोस, तरी आजवर तुझ्या तोंडून एक शहाणं वाक्य निघालं न्हाई. तेव्हापासून फुगलाय. या खेपेला परीक्षा हुकली की कॉलेज बंद, हे त्यानं पक्कं केलंय.

आता लिहायचं कारण. परतूरचे पाहुणे गुरुवारीच तुला पाहायला येऊन राह्यले. त्यांच्यापुढं तू नुसतं नाव सांगायचं, बाकी मान खाली, असं ओसरीवर ठरलं. मी आत ज्वारी निवडत होते. बोलावून तू येणार न्हाईस हे बापाला ठाऊक आहे, म्हणून बुधवारी तो मस्तगडला तुझ्या खोलीवर येईल आणि म्हणेल, आजी जाते का राहते असं झालंय, जल्दी चल. टपालाचा भरोसा न्हाई, म्हणून ही चिठ्ठी रशीदच्या टेम्पोत देते. बापाच्या आधी पोचावी, एवढीच धास्ती. मला थोडा खोकला आहे, तो दरसालचाच. माझ्या नावावर उठू नको. आणि खरंच मेले, तर जाळायला अख्खं गाव आहे. तुझ्या जागी सरांपुढं बसायला कोणी न्हाई. परीक्षा देऊनच ये.

तुझीच, धडधाकट,
आजी दुर्गाबाई