कपाटाजवळचं वळण

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९, विरार

चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर नवऱ्याची, पास्कलची, छोटी विजेवरची आगगाडी चालवली. बोटीवर नोकरीला जाताना त्याने मला एवढं एकच काम सांगितलंय. दर रविवारी दहा मिनिटं चालव, नाहीतर आतलं तेल घट्ट होईल. हॅम्बर्गच्या बाजारातून घेतलेलं जुनं, वीतभर इंजिन. दुकानात म्हणे छान पळालं होतं. इथे कपाटाजवळच्या वळणावर हटकून थांबतं. मग पास्कल गुडघे टेकून बोटाने ढकलतो आणि म्हणतो, "चल गं बाई." तो गेल्यापासून पाच महिने मीच ढकलते. शब्दही तेच म्हणते. वेडीच आहे मी.

आज काय सुचलं कोण जाणे, रूळ स्पिरिटने पुसून काढले. इथल्या खाऱ्या हवेने केवढे काळे पडले होते. गाडी सुरू केली, वळणाशी बोट धरून बसले, आणि ती न थांबता निघून गेली. एकदा नाही, सात वेळा. माझं बोट तसंच हवेत.

फोन आला की सांगू का त्याला? खूश होईल. म्हणेल, "बघ, माझ्यावाचून जमतंय तुला."

नाही सांगणार. रूळही आता पुसणार नाही.