मागच्या विमानानं

९ मार्च

प्रिय वहिनी,
अ. उ. आ.

सवयीनं तुझ्या नावामागे सौ. लिहायला गेले आणि पेन तिथंच अडलं. आजपासून नुसतं प्रिय. चालवून घे.

फोनवर आपण दोघी फक्त रडतो. कागदावर निदान वाक्य पुरं होतं, म्हणून लिहून फोटो पाठवते आहे. माझा पाय अजून प्लास्टरमध्येच. कापडाचा तागा काढायला स्टुलावर चढले. तागा खाली आला, पाठोपाठ मीही. आता एका पायानं मशीन चालवते. गिऱ्हाइकं माझ्या पायाची इतकी चौकशी करतात की स्वतःची मापं द्यायची विसरतात. पाय धड असता तर तिकडे परदेशात तुम्हाला न्यायला मीच आले असते. धाकट्या भावाचं तोंडसुद्धा शेवटचं पाहायला मिळालं नाही. त्यावर आज लिहीत नाही.

मुलांना एवढ्यात काही सांगू नकोस. विमानतळावर तू एकटी, कडेवर बारकी, हाताशी आपला पाच वर्षांचा वकील. तो उलटतपासणीला लागला तर तू तोंड कुठं लपवणार? परवा त्यानं मला फोनवर गाठलंच. बाबा कुठंय, म्हणाला. मी ठोकून दिलं की बाबाला लिफ्ट दुरुस्तीचं काम उरकायचंय, तो मागच्या विमानानं येईल. लगेच पटलं बिचाऱ्याला. तूही तेच धरून चाल. आईकडे पोचलीस की सावकाश बघू.

तिघांवर माझा जीव आहे, त्याला तिथंच थारा दे.
तुझी,
ताई


१३ मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

घर आवरलं. आता मी, दोन मुलं, तीन बॅगा, आणि हात दोनच. यांच्या ऑफिसातली माणसं सांत्वनाला येतात आणि जाताना आमच्या इमारतीची लिफ्ट बंद असल्याची तक्रार माझ्याकडे करून जातात. बहुतेक त्यांनाही दुसरं काही सुचत नसावं.

तुम्ही म्हणालात तसंच धरून चालले आहे, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. मी बॅगेत भरलेली बाबाची चप्पल वकिलानं काढली आणि दाराशी नीट लावून ठेवली. बाबा मागून येणार, तोवर काय अनवाणी फिरणार का, असं मलाच ऐकवलं. उद्या घराची किल्ली परत करायची आहे. चप्पल मी उचलली नाही.

तुमची माया अशीच आमच्या वाट्याला येवो.
तुमची,
वहिनी


२० मार्च

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आईकडे सुखरूप पोचलो, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं.

पासपोर्ट तपासतात तिथं एक अधिकारी बाई होत्या. एकटी आई मुलांना घेऊन देशाबाहेर निघाली की वडिलांची संमती लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी मृत्यूचा दाखला घडी घालून हळूच पुढे सरकवला, वकिलाला दिसू नये म्हणून. त्याला वाचता येत नाही हेही तेव्हा सुचलं नाही. बाईंनी तो वाचला, मग काउंटरवरून वाकून त्याला गोड आवाजात विचारलं की तुझे बाबा कुठं आहेत. हा छाती काढून म्हणाला, मागच्या विमानानं येतायत, आत्यानं सांगितलंय.

बाईंनी दाखला पुन्हा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला कागदोपत्री मारून मुलं पळवणारी बाई कशी दिसते, ते त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं.

आम्हाला एका खोलीत नेलं. जमिनीला खिळवलेल्या खुर्च्या, भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र. बारकी भुकेनं किंचाळत होती. बाई उद्धट नव्हत्या. एवढंच म्हणाल्या की कागद खोटे करता येतात, मूल बहुतेक खरं बोलतं. आमचं विमान सुटायला आलं होतं. मग मी त्याच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. गेला म्हटलं तर कुठं विचारेल, म्हणून मेला म्हटलं. बाईंसमोर, दाराशी उभ्या पहारेकऱ्यासमोर.

तो रडला नाही. आत्याला माहीत होतं का, विचारलं. मी हो म्हटलं. मग, तुला पण? त्यालाही हो म्हटलं. बाईंनी तोंड फिरवलं, शिक्के मारले आणि बारकीला स्वतः उचलून त्या विमानाच्या दारापर्यंत आल्या. विमानात त्यानं माझा हात झटकला आणि पट्टा स्वतःच लावला.

आता तो फक्त बारकीशी बोलतो. तुमचा फोन वाजला की खोलीबाहेर जातो. माझ्या आईनं बाबा आकाशातला तारा झाला म्हणून सांगितलं, तर हेही आत्यानंच सांगितलं का, असं विचारलं. काल मात्र आपण होऊन माझ्याशी बोलला. बाबाला परत यावंसं वाटलं आणि आपण त्या घरात नसलो, तर दार कोण उघडणार? मी भाजी निवडत राहिले.

दोष तुम्हाला देत नाही, मीच ते ओढत नेलं. पण त्याला तुम्हीच लिहा. माझ्याकडून आता त्याला काही खरं वाटत नाही.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
वहिनी


२३ मार्च

चि. वकीलसाहेबांस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र आई वाचून दाखवेल. नको वाटलं तर तिला मध्येच थांबव.

बाबा मागच्या विमानानं येणार, हे मी खोटं सांगितलं. तो मेलाय हे मला तेव्हा माहीत होतं. तो कुठल्याच विमानानं येणार नाही. आई माझं ऐकून तसं वागली, आणि माझं ऐकायची तिला लग्नापासूनची खोड आहे. तेव्हा राग माझ्यावर काढ, तिचा हात धर.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले, असं मोठी माणसं म्हणतील. तसं नाही. तू रडला असतास, तर ते मला ऐकवलं नसतं.

मेलेल्या माणसाला परत यावंसं वाटतं का, मला माहीत नाही. आजीलाही माहीत नाही. ती तारा म्हणाली ते मायेनं, तिच्यावर खटला भरू नकोस. ते दार आता कुणी उघडणार नाही. तिथं दुसरी माणसं राहतील.

जे माहीत आहे ते सांगते. तुझा बाबा तुझ्याएवढा होता तेव्हा मी शिवण शिकत होते. रुसला की तो माझ्या मशीनखाली जाऊन बसायचा. वाकून बोलावलं की आणखी आत सरकायचा. मी शिवत राहिले की केव्हातरी आपण होऊन बाहेर यायचा. म्हणून मी तुला बोलावत नाही. इथं शिवत बसले आहे.

राग हवा तितके दिवस ठेव. लोभ थोडाफार उरला असेल, तर तोही राहू दे.

तुझी,
आत्या